सुटलं, सगळ्यांचे आभार

१

शेवट ओळखून दाखवा. लावता पैज? तुम्ही म्हणाल भूत निघालं. नाही निघालं. म्हणाल माणूस मेला. तोही नाही मेला, चांगला खाऊनपिऊन आहे. म्हणाल स्वप्न पडलं असेल. हॅट! स्वप्नातलं सांगायला मी काय रिकामटेकडा आहे? म्हणजे आहे, पण तरी नाही सांगणार. आयुष्यभर मी लोकांच्या घंटा वाजवून पळालोय, छत्र्या लपवल्यात, एकाच्या स्कूटरच्या सायलेन्सरला बटाटा लावलाय. त्यामुळे माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका. नुसतं ऐका.

आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, एक जण राहायचा. सगळी बिल्डिंग त्याला तोफ म्हणायची. काम चष्म्याच्या दुकानात, काचा घासायचं. चार वाजता घरी यायचा, बोटांना काचेची पांढरी पूड तशीच, आणि हातसुद्धा न धुता कम्प्युटरपुढे बसायचा. कम्प्युटर जुना, त्यावर ती फुकटातली सिस्टीम असते ना, कुणीही उघडून बघावी, कुणीही दुरुस्त करावी, ती. तसल्या सिस्टीमवाल्यांचा इंटरनेटवर एक फोरम आहे. लोक तिथे येऊन रडतात, आवाज येत नाही, वायफाय लागत नाही, स्क्रीन काळी झाली. आणि तोफ त्यांना उत्तरं द्यायचा. उत्तरं कसली, गोळे!

“आधी केबल बघ. मग बंद करून चालू कर. मग एररची शेवटची ओळ वाच. पहिली नाही, शेवटची. डोळे दिलेत ना? आणि मशीन नाही म्हणालं तर जबरदस्ती करू नकोस, ते का नाही म्हणतंय ते वाच!”

जबरदस्ती म्हणजे काय, तर मशीनला टाइप करून दिलेल्या हुकुमाच्या शेवटी एक अक्षर टाकायचं. मग मशीन कुरकुर करत नाही, निमूट करून टाकतं. हे अक्षर न वाचता टाकणाऱ्यांना तोफ असं काही धुवायचा की बिचारे पुन्हा कम्प्युटरला हात लावताना देवाचं नाव घेत असतील.

टायपिंग दोन बोटांनी. टक टक टक, आणि ओळ संपली की एन्टरवर अंगठा, धाप! माझ्या छताची पोपडी पडायची. ते बटण मधोमध चिरलं होतं.

पण उत्तरं बरोबर असायची, बरं का. एकही चुकीचं नाही.

आणि एक त्याची मुलगी. दुसऱ्या गावी, रक्त तपासतात त्या लॅबमध्ये नोकरीला. रविवारी जेवणं झाली की तिचा फोन कम्प्युटरवरच यायचा, स्पीकर मोठा करून, सगळ्या जिन्यात ऐकू जाईल असा.

“बाबा, माझं मशीन पुन्हा बिघडलं.”

“बिघडलं नाही, तू बिघडवलंस! गाढवे, वाचलंस का शेवटच्या ओळीत काय लिहिलंय?”

“नाही वाचलं.”

“मग मला कशाला विचारतेस? रक्तातल्या पेशी मोजता येतात आणि एक ओळ वाचता येत नाही!”

आणि ती खदाखदा हसायची. तासभर शिव्या खायची आणि हसायची. पोरीचं मशीन कधीच बिघडलेलं नसायचं, हे तिच्या आईलासुद्धा माहीत होतं. त्या तोफेला फक्त माहीत नव्हतं. की होतं? असो.

२

एके दिवशी चार वाजता तोफ घरी आला, बसला, फोरम उघडला. कुणा बाईंचा प्रश्न होता, प्रिंटर चालत नाही. खाली उत्तर आधीच दिलेलं. तोफेच्याच नावाने.

“घाबरू नका ताई. असं सगळ्यांचंच होतं. आधी केबल नीट बसलीये का ते बघू या. सावकाश बघा, मी आहे इथे.”

तोफेने ते दोनदा वाचलं. मग असा ओरडला की बायको शिवणयंत्र थांबवून धावत आली. ती घरी पडदे शिवायची.

“बघू या? बघू या म्हणे! मी कधी कुणाला बघू या म्हणालोय?”

“नाही बाई,” बायको म्हणाली. “मला तरी कधी नाही.”

खाली लोकांची रांग लागलेली. दादा, किती बदललात! दादा, आज रडूच आलं. एकाने तर फुलाचं चित्र टाकलेलं. तोफेला, फूल! त्याचे कान लाल झाले. कुणीतरी आपला पासवर्ड चोरलाय, हे तर सरळच होतं. पासवर्ड बदलला आणि तडक खाली आला. माझ्याकडे. दुसरं कोण?

“म्हाताऱ्या, तुझे धंदे बंद कर!”

“कसले धंदे?”

“माझ्या नावाने गोड गोड लिहितोस!”

मी म्हणालो, “अरे बाबा, मला स्वतःच्या नावाने सही करायला घाम फुटतो.” त्यावर त्याने माझं दार असं आपटलं की वरची पाटी वाकडी झाली. अजून तशीच आहे. आणि शपथेवर सांगतो, जगातल्या सगळ्या खोड्या माझ्या, पण ही माझी नव्हती.

३

दुसऱ्या दिवशी नवीन पासवर्ड असूनही उत्तरं आलेली. सगळी गोड. आणि सगळी बरोबर, हे त्याला जास्त झोंबलं. चुकीची असती तर फाडून खाता आलं असतं.

खोलीत आणखी काहीतरी बिनसलं होतं. दारात उभा राहून तो शोधत बसला. मग सापडलं. खुर्ची. खुर्ची टेबलाखाली नीट सरकवलेली होती. तो उठायचा तेव्हा खुर्ची मागे भिंतीला आदळायची, भिंतीला तिथे खळगा पडलेला. कीबोर्डवर काचेची पूड नव्हती, कुणीतरी पुसला होता. आणि ते एन्टरचं चिरलेलं बटण डिंकाने इतकं नाजूक चिकटवलेलं की चीर हाताला लागेना.

त्याने खुर्ची ओढली, बसला. खुर्ची गरम लागली.

“आत कोण आलं होतं?” तो ओरडला.

बाहेरून बायको म्हणाली, “तुम्हीच की.”

“मी आत्ता येतोय!”

“अहो, असं काय करता? दुपारी आलात, आत जाऊन बसलात. मी चहा नेऊन ठेवला. टाइप करत होतात, आज अगदी हळू. मला वाटलं, सुचलं शहाणपण.” मग तिचा आवाज बदलला. “थँक यू म्हणालात मला.”

“मी?”

“लग्नाला एवढी वर्षं झाली. पहिल्यांदाच.”

“तोंड बघितलंस का माझं?”

“पाठमोरे होतात. हात मांडीवर घेऊन बसला होतात.”

“मग टाइप कोण करत होतं?”

बायकोने खिडकीकडे बघितलं. कप खिडकीत होता, विसळून पालथा घातलेला. तोफेने तो उचलला आणि फेकला. फुटलेले तुकडे तिने गोळा केले, एक शब्द न बोलता. त्या न बोलण्याचा त्याला आणखी राग आला. कारण ती त्याच्यावर चिडली नव्हती. ती कुणाची तरी वाट बघत होती, असं त्याला वाटलं.

४

चिडला तरी डोकं शाबूत होतं त्याचं. त्याने मशीनलाच विचारलं. तसा हुकूम असतो म्हणे, आत्ता तुझ्यावर कोण कोण बसलंय ते सांग. मशीन एकेक ओळ देतं. घरात एक माणूस, तर एक ओळ.

दोन ओळी आल्या.

दोन्हींत नाव एकच. त्याचं. नंबर तेवढे वेगळे.

“हां! सापडलास,” तो म्हणाला. बाहेरून कुणी इंटरनेटमधून घुसलं असेल तर ओळीच्या शेवटी कळतं, कुठल्या वाटेने आलाय ते. त्याने शेवट वाचला. दोन्ही ओळींच्या शेवटी एकच लिहिलेलं. समोरून. म्हणजे ह्याच कीबोर्डवरून, ह्याच खुर्चीतून.

त्याने इंटरनेटची वायर उपटली. पुन्हा विचारलं, दोन ओळी. मशीन बंद केलं, प्लग काढला, बायकोकडून कात्री घेऊन मागचं झाकण उचकटलं, धूळ झटकली, सगळं पुन्हा बसवलं. दोन ओळी. खिडकीचा पडदा ओढला, कपाटाच्या मागे बघितलं, टेबलाखाली वाकून बघितलं. टेबलाखाली काय असणार? त्याचेच दोन पाय. तरी त्याने ते हलवून बघितले. मग स्वतःलाच शिवी दिली.

तेवढ्यात त्याच्या मोबाइलवर मुलीचा मेसेज. “बाबा, बरं वाटत नाहीये का तुला? सकाळी तुला मशीनचं लिहिलं तर तू लिहिलंस, होतं असं बाळा, तुझी काही चूक नाही. ताप आहे का? डॉक्टरकडे जा. रविवारी बोलते.”

हे वाचल्यावर मात्र तोफेचा आवाजच गेला. आम्हाला खाली एवढंच कळलं की वर शांत झालंय. इतकी वर्षं ती खोली कधी शांत नव्हती.

लोकांना गोड बोल, म्हणावं. बायकोलाही बोल. पण पोरगी? बाळा म्हणतो तिला? तिला गाढवे म्हणायचा हक्क जगात एका माणसाला होता, आणि तो हक्क कुणी हळूच, हात मांडीवर ठेवून काढून घेत होतं. रविवारी तिचा फोन यायच्या आत हा माणूस मशीनवरून जायला हवा. बस. बाकी जग गेलं खड्ड्यात.

५

इंटरनेटवर कसं असतं, तुमचं जे दुखतं ते आधी कुणाचं तरी दुखून गेलेलं असतं. शोधता शोधता तोफेला एका जुन्यापुराण्या फोरमचं पान सापडलं. तिथे आता कुणी फिरकत नाही, चित्रांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी. त्यावर एकाने लिहिलेलं.

“मशीनवर दोन जण दिसतायत. नाव एकच. वाट समोरची. वायर काढून बघितली. खुर्ची गरम लागते. मूर्खासारखे सल्ले देऊ नका, माहीत असेल तरच बोला.”

“हा माझा माणूस!” तोफ म्हणाला.

खाली लोकांनी मूर्खासारखे सल्ले दिलेले. त्या माणसाने एकेकाला सोलून काढलेलं. मग त्याने लिहिलेलं, “दोघांतला एक काढून टाकतोय. मशीन नाही म्हणतंय. जबरदस्तीने काढतो.”

आणि त्याखाली, त्याच माणसाचं, शेवटचं.

“सुटलं. सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या आधीच्या बोलण्याचा राग मानू नका. सुखी राहा.”

आता तुम्ही सांगा, तोफेला कशाचा राग आला असेल? कशाने सुटलं ते लिहिलं नाही, याचा! ह्या एका गोष्टीवर त्याचं डोकं फिरायचं. सुटलं म्हणतात आणि चालते होतात, मागच्यांनी काय करायचं? “अरे कसं सुटलं ते लिही ना, मेल्या!” त्याने टेबलावर मूठ हाणली. दुनियेला वाच म्हणून ओरडणारा माणूस. शेवटची ओळ वाच म्हणून लोकांच्या मागे लागणारा. ती शेवटची ओळ त्याच्या समोर होती. वाचली की त्याने. पण वाचली म्हणजे काय, डोळ्यांखालून घातली. वरचा भडकलेला माणूस खाली एवढा मऊ कसा झाला, हे त्याच्या मनात आलंच नाही. रागाला कुठे मन असतं?

६

रविवार. जेवणं झाली होती. बायकोने पडद्याचं कापड पसरलं होतं, पण यंत्र चालवत नव्हती. खोलीच्या दाराशी येऊन म्हणाली, “अहो, राहू दे ना.”

“काय राहू दे?”

“जे आहे ते. कुणाला त्रास तर देत नाही.”

तोफेने मान वळवली. “तुला तो आवडतो!”

“मला कुणी आवडायचं वय आहे का हे? घरात कप फुटत नाही, एवढंच म्हणते मी.”

“चल, बाहेर हो!”

ती गेली. दार तिने हळूच लावून घेतलं.

तोफ पुढे सरकला. दोन ओळी समोर. वरचा मी, खालचा तो, असं त्याने ठरवलं. कशावरून? कशावरूनही नाही. त्याने खालचा नंबर टाकला आणि काढून टाकायचा हुकूम दिला. धाप.

मशीन म्हणालं, हा माणूस आत्ता बसलेला आहे. काढता येत नाही.

“मला माहितीये बसलाय! म्हणून तर काढतोय!” धाप.

मशीन म्हणालं, हा माणूस आत्ता बसलेला आहे. बोटं कीबोर्डवर आहेत.

थांबा. असलं काही मशीन म्हणत नाही, त्याला माहीत होतं. बोटांचं मशीनला काय कळतं? त्याने बोटं उचलली क्षणभर. पाठीमागे काहीतरी होतं, किंवा नव्हतं. कुणी श्वास घेतला तरी खोली जशी जराशी भरते, तसं. त्याच वेळी स्पीकर वाजायला लागला. फोन. पोरीचा.

“आलो! आलो, गाढवे, थांब!” तो ओरडला, आणि हुकुमाच्या शेवटी ते एक अक्षर टाकलं. ज्याच्यासाठी त्याने दुनियेला शिव्या घातल्या, ते. आणि अंगठा असा हाणला की डिंकाने जोडलेलं बटण पुन्हा चिरलं.

धाप.

स्क्रीन काळी झाली. काळ्या काचेत खोली दिसते, माहीत आहे ना? दिसली. मागची खिडकी, तिच्यावरचा पडदा, खुर्ची. खुर्चीत एकच माणूस. चला, एकच.

त्या माणसाचे हात मांडीवर होते.

तोफेने आपल्या हातांकडे बघितलं. ते कीबोर्डवर होते.

७

पुढचं मला मुलीने सांगितलं. माझ्या वाकड्या पाटीखाली उभी राहून सांगितलं, आणि दात असे आवळले होते पोरीने की वाटलं, बापाचं तोंड लावून आलीये.

त्या रविवारी फोन उचलला गेला. आवाज बाबांचाच.

“बोल बाळा.”

“बाबा, माझं मशीन बिघडलं.”

“असू दे. होतं. सावकाश बघू या आपण.”

पोरीने दुसरा दगड मारला. “शेवटची ओळ वाचलीच नाही मी.”

“हरकत नाही.”

मग तिने जपून ठेवलेला बॉम्ब काढला. “बाबा, मशीन नाही म्हणत होतं. मी जबरदस्ती करून चालवलं. काही न वाचता.”

इथे छप्पर उडायला हवं होतं. इथे तिला गाढवे, बिनडोके, माझ्या पोटी कशी आलीस, सगळं ऐकायला मिळायला हवं होतं. आवाज हसला. हळूच.

“मग सुटलं ना? झालं तर.”

“कोण आहेस तू?” ती किंचाळली. लॅबमधली शांत पोरगी, पण किंचाळली. “माझे बाबा कुठेयत? बाबांना दे फोन!”

“चिडू नये बाळा,” तो म्हणाला. “तुझ्या बाबांसारखं चिडू नये.”

पलीकडून आईचा आवाज आला, अगं काय झालं, म्हणत. तो म्हणाला, काही नाही, दमलीये पोरगी. आई म्हणाली, तुम्ही चहा घेता का? तो म्हणाला, घेऊ या ना, तू बस, मी करतो. आणि ते सगळं इतकं सुखाचं वाटत होतं की पोरीच्या अंगावर काटा आला.

मग ते दोघं जरा गप्प होते, तेव्हा तिला ऐकू आलं. माइकच्या अगदी जवळ.

टक टक टक. टक टक. धाप!

“टायपिंग कोण करतंय?” तिने विचारलं.

“कुठे काय. मी तर हात मांडीवर घेऊन बसलोय.”

टक टक टक टक. धाप! धाप!

त्याच दिवशी फोरमवर तोफेच्या नावाने एक ओळ आली. सुटलं. सगळ्यांचे मनापासून आभार. लोकांनी खूप फुलं टाकली.

८

आता वरच्या मजल्यावर सगळं छान आहे. माझ्या छताची पोपडी पडत नाही. जिन्यात भेटला की तो माझ्या हातातली पिशवी घेतो. माझी पाटी सरळ करायला आला होता, मी म्हणालो, खबरदार हात लावशील तर! बायकोला विचारलं एकदा, वहिनी, ओळखता ना त्याला? ती म्हणाली, “काका, मी इतकी वर्षं कप गोळा केलेत. आता विचारू नका.” आणि पडदे घेऊन वर गेली.

पोरगी आली, खोली धुंडाळली, मशीन उघडलं, कोण बसलंय ते विचारलं. एक ओळ. तिला काय पुसायचं ते कळेना, आणि काय परत आणायचं तेही. मशीन फोडायला हातोडी उचलली, आणि मनात आलं, हे फुटलं तर तो टकटक आवाजही जाईल. हातोडी खाली ठेवली. तो मागून शांतपणे बघत होता, चहाचे कप घेऊन.

आता ती दर रविवारी फोन करते. मनातून पेटलेली असते, पण आवाज मधासारखा ठेवते, कारण ही चिडली की तो फोन लवकर ठेवतो. त्याला बाबा म्हणते. म्हणावं लागतं. तो बाळा म्हणतो, ती हो म्हणते. तो हसतो, ती हसते. मशीन बिघडल्याच्या थापा मारते, वाचलं नाही म्हणते, जबरदस्ती केली म्हणते. त्याला नाही सांगत ती ते. मागे जो आहे त्याला सांगते, त्याने चिडावं म्हणून. आणि मग म्हणते, बाबा, जरा दोन मिनिटं गप्प बसू या का? आणि कान लावून बसते.

आधी खूप वाजायचं. मग थांबून थांबून. ह्या रविवारी ती भयंकर काहीतरी खोटं बोलली, सगळं मशीनच न वाचता पुसून टाकलं म्हणाली. आणि वाट बघत राहिली.

टक, असं वाजलं म्हणाली. एकदाच. धाप झालंच नाही.